चापट मारली आणि मॅच जिंकलो

ताई, नमस्कार.

मी एका क्लबमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना व्हॉलीबॉल शिकवतो. गेल्या महिन्यात एका स्पर्धेच्या सेमीफायनलला आमचा सेटर (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा खेळाडू) लागोपाठ सर्व्हिस नेटमध्ये घालत होता आणि वर हसत होता. टाइमआउटला तो जवळ आला तेव्हा माझा तोल गेला आणि मी त्याच्या गालावर एक ठेवून दिली. सगळ्यांसमोर. पुढचा सेट तो असा खेळला की विचारू नका. मॅच आम्ही जिंकलो. त्याचे वडील नंतर येऊन म्हणाले, "बरं केलंत सर. आमचं ऐकत नाही तो, अजून दोन द्यायच्या होत्यात." आमचे मोठे सर म्हणतात, खेळाडू असाच घडतो, सचिननेही आचरेकर सरांची थप्पड खाल्लेली आहे. हे सगळं ऐकून मला बरं वाटायला हवं. पण परवा ब्लॉकला, म्हणजे समोरच्याचा फटका नेटजवळ अडवायला, हात किती वर गेले पाहिजेत ते दाखवायला मी हात उचलला, आणि समोरचा दुसराच एक मुलगा दचकून मागे सरकला. तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. बायको म्हणते, पोरांना हातच लावू नका. पण अजिबात हात न लावता शिकवायचं कसं? आणि आता माफी मागितली तर ही मुलं माझं ऐकतील का?

— एक प्रशिक्षक


सर, नमस्कार.

'हे सगळं ऐकून मला बरं वाटायला हवं' या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले. मॅच जिंकली, वडील खूश, मोठे सर खूश, तक्रार कोणाचीच नाही. तरीही तुम्ही पत्र लिहायला बसलात. मला वाटतं, मारणं बरं की वाईट हे तुम्हाला कळलेलं आहे. अडतंय ते त्या जिंकलेल्या मॅचपाशी. हात उगारणं चूक, तर मग पोरगं सुधारलं कसं?

माझं मत आधीच सांगते. रागाने, शिक्षा म्हणून, 'जागं करायला' म्हणून खेळाडूच्या अंगाला हात लावायचा नाही. तो लहान असो की मोठा, जिंकत असो की हरत असो. चापट नाही, कॉलर धरणं नाही, दंड पकडून गदागदा हलवणं नाही, अंगावर चेंडू फेकून मारणं नाही. शिकवण्यासाठी आणि सांभाळण्यासाठी लावावा लागणारा हात निराळा. त्याच्याकडे नंतर येते.

आता ती मॅच. १९६० च्या दशकात डॅनियल कानेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ इस्रायलच्या हवाई दलातल्या उड्डाण-प्रशिक्षकांना शिकवत होते. (पुढे २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते हेच.) शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस चांगला शिकतो, असं ते सांगत होते. तेवढ्यात एक मुरलेला प्रशिक्षक उठला आणि म्हणाला, माझा अनुभव उलटा आहे. पोराने कसरत सुंदर केली आणि मी शाबासकी दिली की पुढच्या खेपेला तो हमखास बिघडवतो. वाईट केली आणि मी झापलं की पुढच्या खेपेला सुधारतो. तेव्हा ही शाबासकीची थिअरी आम्हाला सांगू नका.

कानेमन यांनी वाद घातला नाही. त्यांनी जमिनीवर एक खूण केली आणि प्रत्येक प्रशिक्षकाला तिच्याकडे पाठ करून, वळून न बघता, दोन नाणी फेकायला लावली. अंतरं मोजली. ज्यांचं पहिलं नाणं खुणेच्या अगदी जवळ पडलं होतं, त्यांच्यापैकी बहुतेकांचं दुसरं लांब गेलं. ज्यांचं पहिलं भलतीकडे गेलं होतं, त्यांचं दुसरं बरंच जवळ आलं. मधल्या वेळात कोणी कोणाला झापलं नव्हतं, शाबासकीही दिली नव्हती.

तुमचा सेटर सेमीफायनलपर्यंत पोचलेल्या संघाचा सेटर आहे. लागोपाठ सर्व्हिस नेटमध्ये घालणं हा त्याचा नेहमीचा खेळ नव्हे, तो त्याच्या त्या दिवसाचा तळ होता. आणि तुमचा हात नेमका तिथेच उठला, कारण राग तळालाच येतो. तळानंतर माणूस बहुधा वरच येतो, नेहमीच्या पातळीला. तुम्ही पाण्याची बाटली पुढे केली असतीत, दुसरीकडे तोंड करून उभे राहिला असतात, तरी तो पुढच्या सेटला बरा खेळण्याचीच शक्यता जास्त होती. चापटीने एखाद्या पॉइंटचा फरक पडलाच नसेल, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण त्या एका मॅचवरून चापटीला श्रेय देता येत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, उद्या करून बघा. कोर्टाच्या मागच्या कोपऱ्यात एक चौकोन आखा. सगळ्या मुलांना दहा-दहा सर्व्हिस त्या चौकोनात टाकायला सांगा आणि गुण लिहून घ्या. तोंडातून अक्षर काढायचं नाही, चेहराही करायचा नाही. मग परत दहा-दहा. पहिल्या फेरीत तळाला असलेली बरीचशी मुलं दुसऱ्या फेरीत वर आलेली दिसतील आणि पहिल्या फेरीतले बरेचसे राजे घसरलेले दिसतील. तो कागद मोठ्या सरांनाही दाखवा.

कारण मोठे सर खोटं बोलत नाहीत, हे लक्षात घ्या. त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलंय: मारलं की सुधारतात, कौतुक केलं की शेफारतात. त्यांच्या डोळ्यांना ते खरंच तसं दिसलेलं आहे. प्रशिक्षकाच्या पेशातला हा सगळ्यात वाईट सापळा आहे असं मला वाटतं. रागाला दर वेळी बक्षीस मिळतं, कौतुकाला दर वेळी दंड. माणूस वर्षागणिक कडक होत जातो आणि त्याला अनुभव म्हणतो. तुमच्या बाबतीत हे चक्र नुकतंच सुरू झालंय. पहिल्याच चापटीला फायनलचं तिकीट मिळालं, हे मला तुमचं दुर्दैव वाटतं.

आणखी एक गोष्ट. त्या चापटीत त्याला शिकण्यासारखं काय होतं? सर्व्हिस नेटमध्ये जाते त्याची कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहेत. टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू, फार पुढे पडत असेल, चेंडू खाली आल्यावर हात लागत असेल, दमल्यामुळे कोपर खाली येत असेल. 'टॉस जवळ ठेव, वर मार' एवढं सांगायला टाइमआउटचे तीस सेकंद भरपूर होते. गालावर बसलेल्या चापटीला टॉसबद्दल काहीच माहीत नसतं. आणि ते हसणं म्हणाल, तर चौदा-पंधरा वर्षांचं पोर सगळ्यांसमोर तोंडघशी पडतं तेव्हा बऱ्याचदा हसतंच. दुसरं काय करावं ते त्याला सुचत नाही. तुम्हाला त्यात उर्मटपणा दिसला. मला लाज दिसते.

बास्केटबॉलमधले जॉन वुडन हे नाव तुमच्या कानावर असेल. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संघाला त्यांनी १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. त्यांच्या शेवटच्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाला बसून ते काय बोलतात, काय करतात ते टिपत राहिले. स्फूर्तिदायक भाषणं असतील, आरडाओरडा असेल, अशी आपली कल्पना. निघालं काय, तर बहुतांश वेळ नुसत्या छोट्या छोट्या सूचना: काय करायचं आणि कसं करायचं. स्तुती थोडी, रागावणंही थोडं. आणि रागावतानाही पद्धत ठरलेली. आधी बरोबर कसं ते करून दाखवायचं, मग तू आत्ता कसं केलंस ते, मग पुन्हा बरोबर. काही सेकंदांत संपलं, खेळ पुढे चालू. ऐकलं नाही तर बाकावर बसायचं. खेळाडूला खेळाइतकं प्रिय दुसरं काही नसतं, त्यामुळे बाकाइतकी जबर शिक्षा प्रशिक्षकाच्या हातात दुसरी नाही. तुमच्याकडे त्या दिवशी तो बाक होता, बदली खेळाडू होता. सेटर दोन रॅली बाहेर बसला असता, तर पाणी प्यायला असता, श्वास घेतला असता आणि परत आत गेला असता.

आता सचिन. हा किस्सा खुद्द तेंडुलकरांनीच सांगितलेला आहे, त्यामुळे तो नाकारायचं कारण नाही. शाळेच्या मोठ्या मुलांची फायनल बघायला ते स्वतःची मॅच बुडवून गेले, आचरेकर सरांनी गाठलं, थप्पड बसली. आणि सर म्हणाले की दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, असं खेळ की लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील. किस्सा सांगून झाल्यावर लोकांच्या लक्षात राहतं ते हे वाक्य. पण याच सरांनी शाळकरी सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर मॅच खेळायला नेलं. सरावाच्या शेवटी स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बाद करील त्याला ते नाणं, सचिन नाबाद राहिला तर सचिनला. अशी तेरा नाणी तेंडुलकरांनी जपून ठेवलेली आहेत. एवढं सगळं करणाऱ्या गुरूकडून मोठे सर एक थप्पड तेवढी उचलतात, हे मला फार सोयीचं वाटतं. नाण्याला रोज संध्याकाळ द्यावी लागते. थप्पडीला वेळ लागत नाही.

शिवाय थप्पड खाऊन मोठे झालेल्यांचेच किस्से आपल्यापर्यंत येतात. थप्पड खाऊन ज्यांनी दुसऱ्या दिवसापासून मैदानावर येणं सोडलं, त्यांची मुलाखत कोण घेतं?

'मारल्याशिवाय पदक नाही' असं म्हणणाऱ्यांनी जपानच्या महिला ज्युदोकडे बघावं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकनंतर तिथल्या १५ अव्वल महिला ज्युदोपटूंनी एकत्र येऊन आपल्या मुख्य प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली: थपडा, बांबूच्या काठीचे फटके, घाण बोलणं. या काही शाळकरी मुली नव्हत्या, देशाच्या सर्वोत्तम खेळाडू होत्या. प्रशिक्षकाला २०१३ च्या सुरुवातीला जावं लागलं. आता हिशोब बघा. ज्या देशात ज्युदो जन्मला, त्याला लंडनमध्ये पुरुष-महिला मिळून एकच सुवर्णपदक मिळालं होतं. पुढे २०२१ मध्ये टोकियोत झालेल्या ऑलिम्पिकमध्ये जपानच्या महिलांनीच चार सुवर्णपदकं घेतली. घरचं मैदान होतं, खेळाडूंची नवी पिढी होती, हे मान्य. काठी गेली म्हणून पदकं आली, असं मी म्हणत नाही. पण काठी गेली म्हणून पदकं गेली नाहीत, एवढं तरी दिसतंच.

त्याच जपानमध्ये, त्याच २०१२ च्या डिसेंबरात, ओसाकामधल्या एका शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या १७ वर्षांच्या कर्णधाराने प्रशिक्षकाच्या माराला कंटाळून जीव दिला. देश हादरला, आणि खेळातल्या मारहाणीवर तिथे उघड बोललं जाऊ लागलं. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाहीये. एका चापटीने असं होत नाही. पण आपल्यासमोरच्या बारा मुलांपैकी कोण घरून, शाळेतून, स्वतःच्याच डोक्यातून किती घेऊन आलंय, हे प्रशिक्षकाला दिसत नाही.

जिंकणारा प्रशिक्षक मारकुटा असू शकतो का? असू शकतो, खोटं कशाला बोलू. अमेरिकेतले बास्केटबॉल प्रशिक्षक बॉबी नाइट यांनी इंडियाना विद्यापीठाला तीन वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं: १९७६, १९८१, १९८७. त्यांचे कितीतरी खेळाडू आजही त्यांच्यावर जीव टाकतात. १९९७ मध्ये सरावाच्या वेळी त्यांचा हात नील रीड या खेळाडूच्या गळ्यावर गेला. त्याची चित्रफीत २००० साली टीव्हीवर आली. रीड तोवर संघ सोडून दुसऱ्या विद्यापीठात गेलेला होता. विद्यापीठाने नाइटना ताकीद दिली की यापुढे एकही प्रकार खपवून घेतला जाणार नाही. काही महिन्यांतच त्यांनी एका विद्यार्थ्याचा दंड धरला आणि नोकरी गेली. तो विद्यार्थी त्यांच्या संघातला नव्हताच, वाटेत भेटलेला एक मुलगा होता. मला यातली ही शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते. एकदा हाताला मुभा दिली की तो कोर्टाच्या रेषा पाळत नाही.

आणि मुभा पुढे कुठे जाते तेही बघा. दक्षिण कोरियाची शॉर्ट ट्रॅक स्केटर (बर्फावरच्या शर्यतींतली खेळाडू) शिम सुक-ही हिला तिचा प्रशिक्षक लहानपणापासून मारत होता. २०१८ मध्ये मारहाणीबद्दल त्याला शिक्षा झाली. त्यानंतर तिने सांगितलं की त्याने वर्षानुवर्षं तिचं लैंगिक शोषणही केलं होतं, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यातही त्याला दोषी ठरवलं. तुमची आणि त्याची बरोबरी मी मुळीच करत नाही. पण ज्या मैदानावर 'सरांचा हात कुठेही, केव्हाही पडू शकतो' हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं, तिथे एखादं मूल वेगळ्याच स्पर्शाबद्दल तक्रार घेऊन कोणाकडे जाणार?

म्हणून तुमच्या बायकोचं म्हणणं मला अर्धं पटतं. पूर्ण पटत नाही, कारण हात लावल्याशिवाय काही खेळ शिकवताच येत नाहीत. जिम्नॅस्टिक्समध्ये पोरगी उलटी उडी घेते तेव्हा खाली प्रशिक्षकाचे हात नसतील तर मान मोडेल. कुस्तीत पकड शब्दांनी समजत नाही. बुडणाऱ्याला ओढावं लागतं, भांडणाऱ्यांना वेगळं करावं लागतं, चेंडूमागे धावत भिंतीवर आदळायला निघालेल्याला धरावं लागतं. तिथे 'हात लावू का' विचारत बसायचं नसतं. यातला प्रत्येक स्पर्श खेळाडूच्या कामाचा आहे. तुमची चापट तुमच्या कामाची होती, तुमचा राग मोकळा करायला.

व्हॉलीबॉलला तसा फारच थोडा स्पर्श लागतो. ब्लॉकची उंची दाखवायला नेटच्या वर दोरीने चेंडू टांगा, त्याला दोन्ही तळवे लावायला सांगा. सेटिंगला बोटांची ओंजळ कशी हवी ते आधी स्वतःच्या हातांनी दाखवा, मग आरशात त्याची त्याला बघू द्या. तरी मनगट जागेवर येत नसेल तर विचारा, "मनगट धरून दाखवू का?" आणि हो म्हणाला तरच धरा, सगळ्यांच्या देखत, तेवढंच मनगट, तेवढाच वेळ. नाही म्हणाला तर 'बरं' म्हणून दुसरी पद्धत काढा. चेहऱ्यावर आठीसुद्धा आणू नका. 'नाही' म्हटल्यावर संघातली जागा धोक्यात येते असं एकदा मुलांना वाटलं की त्यांच्या 'हो'ला काही अर्थ उरत नाही. बंद खोलीत, एकट्या मुलासोबत, मालिश करायला किंवा दुखणं तपासायला हात लावायचा नाही. पाठीवरची शाबासकी, जिंकल्यावरची मिठी यांचं फार अवघडून घेऊ नका. पुढाकार मुलांकडून येऊ द्या, म्हणजे झालं.

चापटीऐवजी मैदानाला वीस फेऱ्या, शंभर उठाबशा, पाणी बंद, हा मार्ग मोठे सर सुचवतील. तोही नको. १९५४ साली टेक्सासमधल्या जंक्शन नावाच्या गावात बेअर ब्रायंट या प्रशिक्षकाने अमेरिकन फुटबॉलचं शिबिर घेतलं. रणरणतं ऊन, पाणी प्यायची मनाई, दहा दिवस. निम्म्याहून जास्त खेळाडू सोडून गेले. उरलेल्यांच्या चिवटपणाच्या कथा आजही सांगितल्या जातात. त्या कथांमध्ये सहसा येत नाही ते हे: त्या हंगामात संघाने दहापैकी एकच सामना जिंकला. दोन वर्षांनी तोच संघ अपराजित राहिला हे खरं, पण दोन वर्षांचं श्रेय दहा दिवसांच्या तहानेला देणं म्हणजे तुमच्या चापटीसारखंच झालं. आणि उन्हात पाणी तोडलं तर पोरं मरतात, हे आता कोणालाही नव्याने सांगायला नको. व्यायाम ही शिक्षा झाली की मुलं व्यायामाचाही तिटकारा करतात, हा तोटा वेगळाच.

आता माफी. मागाच. आधी त्या मुलाला बाजूला घ्या, पण इतरांच्या नजरेच्या टप्प्यात. सांगा, "त्या दिवशी मी तुला मारलं. ती माझी चूक होती. तू कसाही खेळलास तरी मला तो हक्क नव्हता. पुन्हा होणार नाही." आणि गप्प बसा. 'पण तूही जरा', 'तुझ्या भल्यासाठीच', 'मी तुला मुलासारखा मानतो' यातलं काहीही जोडू नका. जोडलंत की ती माफी राहत नाही, दुसरी शिकवणी होते. तो कदाचित खांदे उडवेल, 'काही नाही सर' म्हणेल. त्याच्याकडून क्षमेची पावती मागू नका. त्याला कानात दडा बसलाय का, कमी ऐकू येतंय का, तेही विचारा. चापट कानशिलावर बसली तर पडदा फाटू शकतो आणि मुलं ते लपवतात. दुखत असेल तर डॉक्टरकडे नेण्यासाठी त्याच्या घरी सांगा.

मग तेच दोन वाक्यांत सगळ्या संघासमोर सांगा, कारण मारलंत ते सगळ्यांसमोर. त्या दचकलेल्या मुलासाठी हे जास्त गरजेचं आहे. त्याला वेगळं बोलावून 'का रे दचकलास' असं विचारू नका. हात वर करण्याआधी 'आता हात वर करून दाखवतो' एवढं म्हणत जा. तो तुमच्यामुळे दचकला की त्याला दुसरीकडे कुठे मार बसतो, हे तुम्हाला आज माहीत नाही. डोळे उघडे ठेवा.

ऐकतील का, असं विचारता. मला वाटतं ऐकतील. बाक तुमच्या हातात आहे, संघनिवड तुमच्या हातात आहे, खेळ तुम्हाला येतो. मुलं ऐकतात ती यासाठी. काही दिवस एखादा चावट मुलगा अंदाज घेईल, मुद्दाम उशिरा येईल, मुद्दाम हसेल. त्याला शांतपणे बाकावर बसवा. तुम्ही बोललेलं खरं आहे की नाही, ते त्यांना तेव्हाच कळेल. फक्त या सगळ्याचा राग त्या सेटरवर निघू देऊ नका, आणि अपराधी वाटून त्याचे लाडही करू नका.

त्याच्या वडिलांनाही भेटा. ते म्हणाले 'अजून दोन द्यायच्या होत्यात', त्यावर तुम्ही बहुधा हसून वेळ मारून नेली असेल. आता स्पष्ट सांगा की मी मारायला नको होतं आणि यापुढे मारणार नाही. बापाने परवानगी दिली म्हणून प्रशिक्षकाला हक्क मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १९ वं कलम हेच सांगतं: मूल आईबापांच्या, पालकांच्या किंवा त्याला सांभाळणाऱ्या कोणाच्याही ताब्यात असो, त्याला मारहाणीपासून संरक्षण मिळालं पाहिजे. जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी तो करार स्वीकारलेला आहे. कायद्याची भाषा वडिलांसमोर काढायची गरज नाही. पण त्यांच्या त्या वाक्यावरून घरी काय चालतं याचा अंदाज घ्या. त्या मुलासाठी तुमचं मैदान ही मार न बसणारी एकमेव जागा असू शकते.

तुमच्या रागाबद्दलही थोडं. राग येणारच, तुम्ही जिंकायला आलेले असता. टाइमआउटला दोन्ही हातांत नोंदीची पाटी धरा. पहिले दहा सेकंद कर्णधाराला किंवा सहायकाला बोलू द्या आणि तेवढ्यात तुम्हाला सांगायची एकच सूचना ठरवा. खेळाडूपासून हातभर लांब उभे राहा. इतकं करूनही पुन्हा हात उठला, तर त्या दिवसापासून संघ दुसऱ्याकडे सोपवा आणि स्वतःसाठी मदत घ्या. त्यात कमीपणा नाही.

राहिला क्लब. चापटीची गोष्ट क्लबच्या पदाधिकाऱ्यांना तुम्ही स्वतः, लेखी कळवा. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाची सरावातली चित्रफीत वरिष्ठांनी २०१२ मध्येच पाहिली होती: खेळाडूंना ढकलणं, लाथ मारणं, अंगावर चेंडू फेकणं, शिव्या. त्यांनी तीन सामन्यांची बंदी आणि दंड करून प्रकरण मिटवलं. एप्रिल २०१३ मध्ये तीच चित्रफीत टीव्हीवर दिसली, तेव्हा प्रशिक्षकाची नोकरी गेलीच, पण झाकणाऱ्या क्रीडा संचालकालाही पायउतार व्हावं लागलं. तुमच्या क्लबने एक साधा नियम लिहून भिंतीवर लावावा, असा आग्रह धरा. प्रशिक्षक मारणार नाहीत, आणि मारलं तर मुलांनी कोणाला सांगायचं त्या व्यक्तीचं नाव. ती व्यक्ती तुम्ही नसावी आणि मोठे सरही नसावेत. मोठ्या सरांशी तत्त्वाचा वाद घालत बसू नका, तो सर्व्हिसच्या गुणांचा कागद दाखवा आणि सोडून द्या. मात्र तुमच्या देखत त्यांनी कोणावर हात उगारला तर मध्ये जाऊन उभे राहा आणि त्याच दिवशी त्या व्यक्तीला कळवा.

— ताई